किड्यांचे लुगडे

मराठी बायकांइतकी रंगांची नावे क्वचितच कुणाला ठाऊक असतील. मोरपंखी, पोपटी, डाळिंबी, अंजिरी, वांगी, मोतिया, अबोली! दिवाळीच्या खरेदीत दुकानदार घड्या उलगडीत असतो, ही नावे हवेत उडत असतात आणि आम्ही पुरुषमंडळी पिशव्या सांभाळीत मुकाट्याने बसलेली असतो. या यादीत पक्षी आहेत, फळे आहेत, फुले आहेत, एक भाजीसुद्धा आहे. किडा मात्र कुठे नाही.

निदान तसे वाटते. पण त्याच ढिगात एखादी किरमिजी साडी निघते, आणि मराठी शिकविण्यात ज्याची हयात चालली आहे त्याला तो शब्द स्वस्थ बसू देत नाही. फारसीतला 'किर्म' म्हणजे किडा. आपल्या संस्कृत 'कृमी'चा तो भाऊबंदच. इंग्रजांचा 'क्रिम्झन'ही याच घराण्यातला. विशिष्ट जातीचे किडे वाळवून, कुटून जो तांबडा रंग काढीत, त्याचे हे नाव. तेव्हा 'किरमिजी साडी' म्हणजे सभ्य भाषेत किड्याच्या रंगाची साडी!

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. ज्या रेशमावर हा रंग चढायचा ते रेशीम अळीने विणलेले. 'कोसला' हा शब्द वाचकांना भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या कादंबरीमुळे परिचित आहे. पण रेशमाच्या अळीचा कोसला म्हणजे शेकडो मीटर लांबीचा एकच अखंड धागा, आणि एका रेशमी साडीला असे हजारो कोसले लागतात. पायाला लावायचा अळता पूर्वी लाखेपासून करीत, आणि लाख ही पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर वस्ती करणाऱ्या इवल्याशा किड्याची देणगी. म्हणजे नव्या नवरीला डोक्यापासून पायापर्यंत सजविण्यात किड्यांनी केवढी मजुरी केली बघा. पण पैठणीच्या पदरावर मान कुणाला? मोराला, पोपटाला, कमळाला. किड्याची कमाई आपण आनंदाने अंगावर घेतली. त्याचे रूप तेवढे उंबऱ्याबाहेर ठेवले.

आमच्या सिंधुदुर्गातही तीच गोष्ट. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवीत, त्यावर चित्रे काढीत आणि लाखेचे रोगण देऊन पाने टिकाऊ करीत. त्या चित्रांत मासा आहे, कासव आहे, वराह आहे. त्या सर्वांवर चकाकी धरणाऱ्या किड्याला मात्र अकरावा अवतार म्हणूनसुद्धा कुणी घेतले नाही!

हा सारा विचार माझ्या डोक्यात भरवला तो माझ्या भाचीने. ती मुंबईला कापडावरची नक्षी शिकते. किड्यांवरून नक्षी बेतून, ती छापून आणि भरून एक साडी तयार करायची, असे काम तिला मिळाले होते, आणि ते घेऊन ती गणपतीनंतर आमच्याकडे मालवणास आली. माझ्या आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "किड्यांचा लुगडा? किडे अंगार घेवन फिरतलंस काय गो?"

भाचीने पहिला कागद दाखविला. त्यावर नारिंगी रंगाचे, काळ्या शिरांचे एक देखणे फुलपाखरू होते. अमेरिकेतले. भ्रमणध्वनीवरून उतरविलेले. आई म्हणाली, "ह्या आमच्याकडचा न्हय." एवढेच. पण त्या तीन शब्दांनी पोरीचे दोन दिवसांचे काम बाद झाले, आणि माझ्या मते तिथेच खरे काम सुरू झाले.

कारण आमच्या मागीलदारी पपनस आहे, आणि पपनसावर राणी पाकोळी येते. २०१५ साली महाराष्ट्राने हिला आपले राज्य फुलपाखरू केले. असे करणारे देशातले हे पहिले राज्य. 'नीलवंत' असेही तिचे एक नाव आहे. मखमली काळे पंख, मागच्या पंखांवर निळ्या रंगाचे मोठाले पट्टे, त्यांत काळे ठिपके. आणि पंख मिटले की मुळाशी तांबडे डाग. तिची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांची पाने खाते आणि लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. आजवर आम्ही ती घाण समजून काठीने झटकून टाकीत आलो. भाची चार दिवस त्या झाडाखाली पाट टाकून बसली होती.

नक्षी बेतणे म्हणजे चित्र काढणे नव्हे, हे मला तेव्हा कळले. सागाच्या ठशाशेजारी ठसा असा बसला पाहिजे की सांधा दिसता कामा नये. फुलपाखरे एकाखाली एक उभी केली की पोलिसांची कवायत दिसते; दुसरी ओळ अर्ध्या ठशाने खाली सरकवली की ती उडू लागतात. काळा पंख ठशाने छापायचा, निळा रंग सुईने भरायचा, असे ठरले. काठाला मुंग्यांची रांग, साध्या धावदोऱ्याची. साखळी टाक्याची अळी. आणि पदरावर सोनपाखरे.

या सोनपाखरांवरून मात्र घरात वाद झाला. त्यांचे खरे हिरवे पंख विकत मिळतात आणि भाचीला तेच टाकायचे होते. परंपरा तिच्या बाजूने होती. हिंदुस्थानी कारागीर असे पंख मलमलीवर टाकीत आणि त्या कपड्यांना विलायतेत मोठा भाव असे. १८८८ साली लंडनच्या रंगभूमीवर एलन टेरी हिने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेल्या पोशाखावर सुमारे १००० पंख होते. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन 'मोराचा पोशाख' घालून मिरवली. त्यातले जरीकाम आपल्याकडचे, शिवण पॅरिसची आणि पिसांच्या डोळ्यांतला हिरवा झगझगाट सोनपाखरांचा. नाव इथेही मोराचेच!

हा हिरवा विटत नाही, कारण तो रंग नव्हेच. पंखाच्या कवचात अतिसूक्ष्म थर असतात. त्यांवरून प्रकाश परतताना हिरवा होऊन येतो. मग दोऱ्याने हे कसे साधायचे? आईने चष्मा चढविला. एक पंख डावीकडे तिरक्या भरीव टाक्याने भरला, दुसरा उजवीकडे. कापड हलविले तर एक चमके तेव्हा दुसरा काळवंडे. उलट हलविले की उलट. भाची बघतच राहिली. पंखांची पुडी मागवायची राहिली ती राहिलीच.

मात्र तेवढ्या एका सोनपाखराला आईची एक दुपार गेली. साडीभर अशी पन्नास भरायची तर पन्नास दुपारी, आणि त्यांचे मोल देणारे गिऱ्हाईक कुठले? शेवटी तोड निघाली ती अशी: जे पुन्हा पुन्हा यायचे ते ठशाने आणावे, जिथे नजर थांबावी असे वाटते तिथेच सुई लावावी. पदरावर पाच सोनपाखरे, अंगात सात राणी पाकोळ्या. साडी शिक्षकांपुढे गेली आहे. तिला किती गुण मिळतात ते कळायचे आहे.

ते काहीही मिळोत. माझ्या लेखी मोल आहे ते त्या चार दिवसांच्या बसण्याला. मोर आपण जपला, कारण तो पदरावर होता, ओवीत होता, पोरांच्या ओठांवर होता. ज्याला घरात नाव नाही आणि कापडावर रूप नाही, त्याच्यावर झाडू चालवायला हात कचरत नाही. यंदा फराळानंतर थोडा वेळ काढा आणि अंगणातल्या नाहीतर कुंडीतल्या लिंबाची पाने उलटून बघा. पक्ष्याने घाण केल्यासारखे काही दिसले तर झटकू नका. काही आठवड्यांनी त्यातूनच कदाचित काळी-निळी मखमल उडेल, आणि तिला नाव काय हे घरातल्या पोरांना सांगता येईल.