अपुऱ्या पेटीला कपाट दाखवू नका



गेल्या शनिवारी गुरुजींनी आम्हां चौघींना विज्ञानाचे कपाट झाडायला सांगितले. वरच्या फळीवर तीन प्रयोगपेट्या आणि दोन हस्तकलेच्या पेट्या निघाल्या. एकही धड पूर्ण नाही. एकीत भिंग आहे तर आरसा नाही. दुसरीत बल्ब आहे, तार आहे, पण सेल आतच राहिल्यामुळे गळलेले आणि पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. तिसरीत लिटमसची नुसती रिकामी पुडी. हस्तकलेच्या पेटीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसला ओल लागून त्याचा दगड झालेला. मणी, लोकर आणि घोटीव कागद मात्र नवे कोरे!

असे का झाले? सामान अपुरे आहे म्हणून पेटी कुणी वापरत नाही, आणि वापरत नाही म्हणून ती आणखी खराब होते. यालाच म्हणतात असून अडचण, नसून खोळंबा.

दोष एकट्या शाळेचा नाही. मामांनी दिलेली एक पेटी आमच्या घरी माळ्यावर आहे. दोन प्रयोग झाले आणि आई म्हणाली, “जपून ठेव गं, पुढं कामाला येईल.” मीही ठेवून दिली.

पण पुढं म्हणजे कधी? माझी एक मैत्रीण दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्यातच परत येते. विजेचा धडा गेल्या वर्षी जानेवारीत झाला. परत आल्यावर तिने मला विचारले, “बल्ब कसा पेटला गं?” मी म्हटले, “पुस्तकात चित्र आहे बघ.” तेव्हा एक बल्ब कपाटात होता आणि एक आमच्या माळ्यावर. मला फार वाईट वाटले.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपले कपाट उघडते, टेबल मांडतात, पाहुणे येतात. पण फेब्रुवारीत ती फडावर असते. म्हणजे कपाट उघडते तेव्हा ती नसते आणि ती असते तेव्हा कपाट बंद!

कुणी म्हणतील, नवी पेटी येईपर्यंत थांबा. कुणी म्हणतील, लहान पोरं मोडतोड करतील. माझे म्हणणे असे की, कपाटातही सामान मोडलेच ना? मग हाताळताना मोडले तर निदान कुणीतरी शिकेल तरी.

म्हणून मला सुचलेल्या गोष्टी मांडते.

१) सगळ्या पेट्यांतले सामान एकत्र करून पुन्हा लावावे. तीन अपुऱ्यांची एक पुरी होते.

२) काम झाले की सेल काढून ठेवावेत. पट्टीचुंबकांची जोडी विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशी, मध्ये लाकडी पट्टी घालून ठेवावी आणि दोन्ही टोकांना लोखंडी तुकडे लावावेत. मग चुंबकाची शक्ती टिकते.

३) लिटमस संपला तर हळदीचा कागद करावा. साबणाच्या पाण्याने तो लाल होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. जास्वंदीच्या फुलाचा कागद लिंबाने गडद गुलाबी होतो, तर साबणाने हिरवट.

४) चिठ्ठी नसलेल्या बाटलीला मुलांनी हात लावू नये. ती गुरुजींकडे द्यावी. मोरचूद विषारी असते. ते विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये.

५) उरलेल्या लोकरीची, मण्यांची हस्तकला पहिली-दुसरीला द्यावी. त्यांना अमुकच आकार हवा असे नसते.

६) काय आहे आणि काय संपले याची यादी झाकणाच्या आत चिकटवावी.

श्री. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्वट्यूब यांपासून त्रिकोण, चौकोन, घन करायला मुलांना शिकवले. टाकाऊतून विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे जर काड्यांवर भागते, तर आपले अर्ध्या पेटीवर का भागू नये?

पालकहो, तुमच्याही घरी माळ्यावर, पलंगाखाली अशी पेटी असेल. मुलाचा जीव तिच्यातून उडाला असेल तर शाळेत आणून द्या. अपुरी आहे म्हणून लाजू नका.

माझी पेटी मी सोमवारी आणली. सेल नवे घातले. पहिल्यांदा तार मैत्रिणीच्या हातात दिली. बल्ब पेटला तेव्हा ती काही बोलली नाही. तिने तार काढली आणि पुन्हा लावली. असे सात-आठ वेळा केले.

दिवाळीच्या आत बाकीचे सगळे प्रयोग करून घ्यायचे असे आम्ही ठरवले आहे. तुम्हीही या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी