विंचवाचे बिऱ्हाड आणि खकनारचा उन्हाळा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते बहुधा कीव करताना. आमच्या दादाने मात्र असे बिऱ्हाड निवृत्तीनंतर हौसेने विकत घेतले. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पंधरा वर्षांची एक जुनी मिनीबस. पूर्वी कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची, मग कोणीतरी आतल्या सीटा काढून दोन बाकडी, ओटा, मोरी बसवली आणि तिचे मोटारघर केले. छपरावर सौर पॅनेले होती, मागच्या भिंतीत दीड टनाचा एसी होता. "घरात आहे ते सगळे आहे," असे दादा फोंड्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होता. माझाही त्यावर विश्वास बसला. कारण एसी, पॅनेल, बॅटरी हे शब्द ऐकले की आपण पुढचा हिशेब विचारीत नाही.

तो हिशेब गेल्या वर्षी मे महिन्यात खकनारला विचारावा लागला.

आम्ही तिघे निघालो होतो. दादा, मी आणि आमची मावशी, म्हणजे दादाची आई. वय शहात्तर. तिला मुक्ताईनगरला मुक्ताबाईचे दर्शन घ्यायचे होते. ते झाले. मग बऱ्हाणपूर पाहून मेळघाटातून चिखलदऱ्याच्या गारव्याला जायचे, असा बेत. खकनार त्याच वाटेवर लागते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. केळीच्या आणि कापसाच्या शिवारापलीकडे सातपुड्याची रांग, आसपास कोरकूंच्या वस्त्या. मध्य प्रदेशात असले तरी मराठी कानावर पडते, त्यामुळे आपण परमुलखात आहोत असे वाटत नाही. ऊन मात्र परमुलखातले. गोव्याच्या माणसाला घामाचा उन्हाळा ठाऊक असतो. हा उन्हाळा घाम दिसूच देत नाही, अंगावर येण्याआधीच तो वाळून जातो.

दुपारी दोन वाजता रस्त्याकडेला मोकळ्या जागेत गाडी लावली, दारे-खिडक्या बंद केल्या, एसी सुरू केला. जेमतेम तासभर चालला. मग इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि सगळे थंड... म्हणजे गरम झाले. दादा बॅटरीशी झटत राहिला, मी टॉर्च धरून उभा. मावशी बाकड्यावर पडून होती. अर्ध्या तासाने तिच्याकडे पाहिले तर तोंड लाल, कातडी कोरडी, आणि ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होती. वडील जाऊन अठरा वर्षे झाली.

रस्त्यापलीकडे केळीबागेतले एक घर होते. तिथली म्हातारी बाई आधीच आमच्याकडे पाहत उभी होती. ती आली, आत डोकावली आणि म्हणाली, "भाऊ, आईला आधी निंबाखाली न्या. मशीन मंग पाहा." आम्ही मावशीला उचलून खाटेवर ठेवले. म्हातारीने तिच्या अंगावर पाणी ओतले, ओले धोतर पांघरले, सुनेला पंख्याने वारा घालायला बसवले. मग सरकारी दवाखाना, सलाइन, रात्री मावशीचे पहिले वाक्य: "सोलकढी आहे का रे?" आम्ही दोघेही दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

(वाचकांपैकी कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन उन्हात फिरत असेल तर एवढे लक्षात ठेवा. उष्म्यात बरळणे सुरू झाले की घाम येतो की नाही याची वाट पाहायची नाही. ताबडतोब सावली, अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही.)

आता हिशेब. छपरावर दोन पॅनेले, मिळून ३३० वॅटची. मे महिन्याच्या कडक उन्हातही धूळ, तापलेले पॅनेल, तारांतली गळती वजा जाता त्यांतून दिवसाला सव्वा-दीड युनिट वीज मिळते. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, हा समज अर्धाच खरा. पॅनेल तापले की त्याची वीज घटते. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. खकनारच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांवर गेले तर तेरा-चौदा टक्के तिथेच गेले. आणि दीड टनाचा तो जुना एसी तासाला १.७ युनिट खात होता. म्हणजे सबंध दिवसाचे ऊन तो पाऊण तासात गिळत होता. उरले बॅटरीचे. दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवर. कागदावर ३.६ युनिट. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ह्या तर जुन्याच होत्या. तास चालला हेच नवल.

गाडी विकणाऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते. एसी होता, पॅनेले होती. फक्त एकमेकांना पुरेशी नव्हती.

गोव्यात परतल्यावर दादाने मनाशी ठरवले होते: दोन टनाचा एसी, दुप्पट बॅटऱ्या, छप्परभर पॅनेले. शिवाय एक जनरेटर. माझे आणि त्याचे भांडण इथे सुरू झाले, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच. त्याचे म्हणणे, यंत्र कमी पडले, मोठे आणू. माझे म्हणणे, म्हातारीचा क्रम बरोबर होता. आधी निंब, मग पाणी, मग वारा, आणि सगळ्यांत शेवटी मशीन.

पत्र्याच्या छपराचे घ्या. मिनीबसचे छप्पर सुमारे दहा चौरस मीटर. दुपारच्या उन्हात त्यावर नऊ-दहा किलोवॅट उष्णता पडते. दीड टनाचा एसी आतून ओढून काढतो सव्वापाच किलोवॅट, तोही नवा असताना. पडलेली सगळीच उष्णता आत येत नाही हे खरे, पण गडद रंगाचा उघडा पत्रा आणि खाली नुसती प्लायवूड असेल तर पुष्कळ येते. शिवाय खिडक्या, भिंती, इंजिनाची ऊब. दोन टनाचा एसी आणून ही लढाई जिंकता येईल. पण ती लढाई आपणच ओढवून घेतलेली असते.

बऱ्हाणपूर त्याच सकाळी पाहिले होते, म्हणून मला हे अधिकच बोचले. तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळचा. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून, शंभराहून अधिक कुंड्यांना जोडत शहरापर्यंत आणलेले. पंप नाही, रहाट नाही, नुसता उतार. आणि हेच बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे होते. मोगलांची छावणी म्हणजे तरी काय? फिरते घरच. बादशहाचे तंबूंचे दोन संच असत, एकात मुक्काम चाललेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. त्या कापडी घरांत उन्हाळा कसा काढत? 'ऐन-इ-अकबरी'त वाळ्याच्या मुळांच्या कुडांवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात हिवाळा आणण्याचे वर्णन आहे. बादशाही थाटातही क्रम तोच: सावली, पाणी, वारा. वाऱ्यासाठी हात नोकरांचे होते, हे मात्र विसरू नये. त्या गारव्याची किंमत दुसऱ्याच्या घामाने चुकती होत असे. आज तेच काम तीस वॅटचा पंखा करतो, हे मी प्रगतीच मानतो.

मग दादाने मला पेचात पकडले. "वाळ्याचा पडदा मांद्र्याला लावून दाखव," तो म्हणाला. आणि तो बरोबर होता. खकनारला ४३ अंश तापमान आणि पंधरा टक्के आर्द्रता असते तेव्हा कुलरची हवा पंधरा-सोळा अंशांनी उतरते. आमच्याकडे ३३ अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असते तेव्हा तोच कुलर फार तर चार अंश उतरवतो आणि वर हवेत आणखी ओल भरतो. गोव्यात पडदा गारवा देत नाही, नुसता बुरसतो. म्हणूनच आमच्या जुन्या घरांनी वाळ्याऐवजी वारा धरला. उंच छप्पर, कौलांच्या फटी, राजांगण, समोरासमोर खिडक्या. निमाडचे घर उन्हाळ्यात दार लावून घेते, गोव्याचे घर उघडते. प्रत्येक घराला आपले हवामान पाठ असते, कारण ते जागचे हलत नाही. गाडीला गावच नाही. ती आज खकनारला, परवा मांद्र्याला. तिला दोन्ही उन्हाळे झेलावे लागतात.

म्हणून मी एसीच्या विरुद्ध नाही. काही मित्र एसीला चंगळ म्हणतात. त्यांनी शहात्तर वर्षांची आई त्या बाकड्यावर पाहिलेली नाही. दमट रात्री म्हाताऱ्या जिवाला एसी हे औषध आहे. पण औषधाची मात्रा असते.

शेवटी पावसाळाभर गाडी फोंड्याच्या एका गॅरेजमध्ये उभी राहिली आणि काम म्हातारीच्या क्रमाने झाले. छपराची आतली प्लाय काढून पत्र्याला काळ्या रबरी फोमचे जाड थर चिकटवले, भिंतींनाही. छप्पर पांढरे रंगवले. त्यावर चार लहान पॅनेले, मिळून ८०० वॅट, पण पत्र्याला चिकटवून नव्हे. मध्ये तीन इंचांची पोकळी सोडली. आता पॅनेले वीजही करतात आणि छपरावर छत्रीही धरतात. खालून वारा खेळतो म्हणून स्वतःही कमी तापतात. खिडक्यांचे पडदे आतून काढून बाहेरून लावले, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने अडवून काय उपयोग? छपरात आतली हवा बाहेर फेकणारा एक पंखा बसवला.

हे सगळे झाल्यावर एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरेसा ठरला. तो सुरू होताना झटका देत नाही आणि खोली गार झाली की चार-साडेचारशे वॅटवर तग धरतो. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, २४ व्होल्ट २०० अँपिअर-अवर. पाच युनिटांची, तरी जुन्या दोन्हींच्या निम्म्याहून कमी वजनाची. १२ व्होल्टऐवजी २४ घेतले कारण तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह लागतो, तारा कमी तापतात. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज. ही बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये, म्हणून तिची जागा इंजिनापासून दूर, हवेशीर. गाडीच्या डायनॅमोवरून चार्ज करायला मध्ये वेगळा चार्जर, नाहीतर ती डायनॅमोला जाळून टाकील इतकी भुकेली असते. आणि मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. दादा कुरकुरला, पण आरटीओकडे जाऊन परवानगीचे सोपस्कार त्याने केले.

दिवसाला तीनेक युनिट आणि प्रवासात डायनॅमोची भर. रात्रभराच्या एसीला एवढे पुरते. पावसाळ्यात पुरत नाही. तेव्हा पंखा, किंवा कोणाच्या तरी अंगणात प्लग. जनरेटर आला नाही, ह्याचा मला सर्वांत आनंद आहे. १९७० च्या दशकात युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे जुन्या बसगाड्या आमच्या हणजुण्याला येत. ते थंडीचे पक्षी. उन्हाळा लागायच्या आत निघून जात. आता आपलेच लोक मोटारघरे घेऊन मे महिन्यात किनाऱ्यावर येऊ लागले आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. येऊ देत. पण माडांखाली रात्रभर भुरभुरणारा जनरेटर लावून स्वतः गारव्यात झोपायचे आणि शेजारच्या घराने धूर व आवाज सोसायचा, हे पाहुणेपण नव्हे.

आणि दोष फक्त मोटारघरांचा कशाला? पर्वरीला जाऊन पाहा. पश्चिमेला काचेच्या भिंती, वर उघडा स्लॅब, प्रत्येक खोलीला एसी. ज्यांच्या आजोबांनी चिऱ्यांच्या भिंती आणि बलकांव बांधले, त्यांनी दादाच्या जुन्या मिनीबसची चूक सिमेंटमध्ये केली आहे. मिनीबस निदान झाडाखाली नेता येते.

यंदा एप्रिलअखेर आम्ही पुन्हा खकनारला गेलो. केळीबागेतल्या म्हातारीसाठी मावशीने आगळाची बाटली आणि काजू नेले होते. दादाने गाडी आपणहून निंबाखाली लावली. पॅनेलांवर सावली आली, वीज कमी झाली, पण तो काही बोलला नाही. म्हातारी आत आली, एसीच्या झोतासमोर दोन मिनिटे बसली, "बरं आहे," म्हणाली आणि पदर सारखा करून मावशीला घेऊन बाहेर खाटेवर गेली. दोघी रात्री दहापर्यंत बोलत होत्या. एसी आम्ही दोघे भाऊच वापरत होतो.