ओट्सची कुकी आणि बाजरीचा हिशोब

सबमिशनच्या दिवसांत रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर फेरी मारा. फायली, चहाचे कप आणि बिस्किटांचे पुडे! हल्ली त्यात ओट्स आणि मनुकेवाले महागडे पुडेही दिसतात. "अरे, हे हेल्दी असतं," असं म्हणत अख्खा पुडा फस्त होतो आणि मेसचं जेवण राहून जातं.

माझं म्हणणं साधं आहे. कुकीत काय आणि किती घातलंय हे माहीत नसेल, तर तिला हेल्दी म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. पुड्याच्या पुढे ओट्सचं चित्र असतं, पण खरी गोष्ट मागे असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. मैदा, साखर आणि पामतेल पहिल्या तीनात असतील, तर ओट्स फक्त नावापुरते! लोड न बघता बीम टाकणाऱ्याला आपण व्हायव्हात पास करू का? मग खाताना का करतो?

यावर उपाय म्हणजे घरी करून बघणं. "हे काय इंजिनिअरचं काम आहे?" असं तुम्ही म्हणाल. तसं वाटणाऱ्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन यावं. मस्तानीच्या कबरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या दुष्काळी भागातल्या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते स्वतः फूड टेक्नॉलॉजीतले डॉक्टरेट. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते तिथे गेले. आश्रमाच्या निवासी अभ्यासक्रमात चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, चारही विभाग करायचेच. म्हणजे वेल्डिंग करणारे हात पीठही मळतात. आपल्या वर्कशॉपमध्ये मात्र फायलिंगचा जॉब केला की हात धुवून मोकळे!

आता हिशोब बघा. ओट्स 100 ग्रॅम, बाजरीचं पीठ 50, कणीक 50, तूप 60, किसलेला गूळ 70, मनुके 50, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि मळण्यापुरतं दूध. एवढ्यात वीस कुकीज होतात. 180 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. भागाकार केला तर एका कुकीत तीन ग्रॅम तूप आणि साडेतीन ग्रॅम गूळ. हा आकडा आपला, कुणाच्या जाहिरातीतला नाही.

प्रत्येक आकड्याला कारणही आहे. बाजरीत ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या बाजरीची कुकी भुगा होते. ती बांधून ठेवायला कणीक लागते. तूप पिठाच्या कणांवर पसरतं म्हणून खुसखुशीतपणा येतो. ते फार कमी केलंत तर कुकीचा दगड होईल. मनुके दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवले तर करपत नाहीत, आणि गोडवा त्यांच्यातूनही येत असल्याने गूळ कमी चालतो. पण गूळ म्हणजे औषध नव्हे हं! कॅलरीत तो साखरेच्या फारसा मागे नाही. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून दुप्पट खायचं, हे गणित चुकीचं आहे.

ओट्सही वाईट नाहीत. त्यांतल्या बीटा-ग्लुकन या तंतूमुळे कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. पण आपल्याकडे भाकरी म्हटलं की गावठी आणि ओट्स म्हटलं की स्मार्ट! शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं आणि भरपूर तंतूही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा कुठे आपल्या आज्जीच्या भाकरीला इंग्रजीत मान मिळाला. एक मात्र आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने पीठ लवकर कडू होतं. ते ताजं दळूनच आणावं लागतं. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पुड्यासाठी हे अडचणीचं, पण कोपऱ्यावर गिरणी असलेल्या घराला सहज जमणारं.

रेक्टर सरांनी गैरसमज करून घेऊ नये. खोलीत शेगडी लावा असं मी म्हणत नाही. सुट्टीत घरी करा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरा, त्यावर स्टँड आणि ताटली ठेवून झाकण लावा, मंद आचेवर होतात. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच.

आणि कॉलेजला एक सूचना. पुढच्या गॅदरिंगला फूड स्टॉल लागतील, तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे किमतीच्या पाटीशेजारी दुसरी पाटी असू दे: काय घातलंय आणि किती ग्रॅम. ज्याला ती पाटी लिहिता येईल, त्याचीच कुकी मी पहिल्यांदा विकत घेईन!