तेल आणि ऑपरेशन यांच्या मधली वर्षे

12 ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. 1996 पासून तो पाळला जातो आणि आपल्याकडे तो पाळण्याची रीतही ठरून गेली आहे. रुग्णालयाच्या नाहीतर समाजमंदिराच्या आवारात मांडव पडतो, मोफत तपासणीचा फलक लागतो, गुडघे धरून आलेल्या बायाबापड्या रांगेत बसतात. पाळी आली की टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, यंत्र सांगेल तो आकडा ऐकायचा आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी जायचे. हे यंत्र हाडांची घनता मोजते. हाडे ठिसूळ झाली आहेत का, एवढेच त्याला सांगता येते. रांगेतल्या बहुतेकींचे दुखणे असते सांध्याचे, आणि त्याबद्दल यंत्र अवाक्षर काढत नाही. गुडघ्यासाठी आलेली बाई टाच दाखवून परत जाते. शिबिराच्या अहवालात लाभार्थींचा आकडा एकाने वाढतो.

ऑस्टिओआर्थ्रायटिस हे या दुखण्याचे वैद्यकीय नाव. घराघरांत त्याला ‘गुडघे गेले’ एवढेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगात 52 कोटी 80 लाख लोकांना हा आजार होता. त्यांतले 36 कोटी 50 लाख गुडघ्याचे रुग्ण, आणि एकूण रुग्णांत 60 टक्के स्त्रिया. आपल्याकडचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांना भिगवण ठाऊक असते. त्याच भिगवणमध्ये 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांना त्यांच्या दुखण्यांबद्दल विचारले. सुमारे 18 टक्के लोकांनी सांधे, स्नायू, हाडे यांचे दुखणे सांगितले. त्यात ऑस्टिओआर्थ्रायटिसचे रुग्ण आमवाताच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. शेतात राबणाऱ्यांचे सांधे धडधाकट असतात, ही शहरातल्या माणसाची समजूत तेव्हाच मोडीत निघायला हवी होती.

ती निघाली नाही. दुसरी एक समजूत तर याहून घट्ट बसली आहे. गुडघा झिजला, गादी संपली, आता जपून वापरा. टायर जितका पळवाल तितका झिजेल, हा हिशेब आपण सांध्याला लावतो. पण सांध्यातली कूर्चा ही जिवंत गोष्ट आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि भार पडणे, भार उतरणे या हालचालीनेच तो द्रव तिच्या आतबाहेर खेळतो. पाऊल टाकणे बंद केले की मांडीचे स्नायू वाळतात, स्नायू वाळले की सगळा धक्का सांध्यावर येतो, दुखणे वाढते, म्हणून माणूस आणखी कमी चालतो. वजन वाढते ते वेगळेच. एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले होते. वाढलेल्या वजनाचे गणित ज्याने त्याने करावे. एक्स-रेचेही तसेच. चित्रात सांधा पार घासलेला दिसतो आणि माणूस खुशाल गड चढून येतो. दुसऱ्याचे चित्र बरे असते आणि त्याला रात्री झोप नसते. तरी एक्स-रे उजेडात धरून ‘चौथी स्टेज’ हे दोन शब्द ऐकवले गेले की समोरच्याच्या पायातले निम्मे बळ तिथेच जाते.

हे लोक जगतात कसे, ते कोणी बसून विचारत नाही. बसलेले उठताना पहिली चार पावले परक्याची वाटतात, मग पाय सुटतो. त्यामुळे उठण्याआधी काय काय आणायचे आहे याची मनात यादी होते. लग्नाची पत्रिका आली की आधी कार्यालय कुठल्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, याची चौकशी. नवरात्रात सप्तशृंगीला जायचे ते आता ट्रॉली झाली म्हणून जमते. जेजुरीला मात्र ‘तुम्ही जाऊन या, मी खालूनच हात जोडते’. गावी जाणे कमी होते, कारण गावाकडच्या घरात कमोड नाही, आणि हे कारण सुनेला कसे सांगायचे? प्रवासात सकाळपासून घोटभर पाणी न पिणाऱ्या कित्येक बायका गुडघ्यापायीच पाणी पीत नाहीत. काठीची लाज वाटते म्हणून बारा महिने छत्री बाळगणारे आजोबा प्रत्येक वाड्यात एक तरी असतात. आणि काठी घेतलीच तर ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात, वास्तविक ती विरुद्ध हातात धरायची असते. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन मिनिटांत शिकवता येणाऱ्या या गोष्टी वर्षानुवर्षे दवाखान्यांत खेपा घालणाऱ्यांनाही कोणी सांगितलेल्या नसतात.

त्यांना सांगितले जाते ते वेगळेच. खाली बसू नका, जिने चढू नका, ओझे उचलू नका, आराम करा. सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो निवृत्तिवेतन आणि उभा ओटा असलेल्या घरासाठी बेतलेला आहे. चार घरची फरशी उकिडवे बसून पुसणाऱ्या बाईने हा कागद घेऊन काय करायचे? भातलावणीला वाकणाऱ्या, कांद्याची रोपे लावताना दिवसभर बसत बसत सरकणाऱ्या, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढणाऱ्या बाईला आराम म्हणजे बुडालेला रोज. ती आराम करत नाही, गोळी घेते. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सुटी मिळणारी वेदनाशामक गोळी रोज सकाळी चहाबरोबर जाते, आणि काही वर्षांनी पोट, रक्तदाब, मूत्रपिंड यांची तक्रार घेऊन ती बाई दुसऱ्याच डॉक्टरकडे उभी राहते. लावायच्या डायक्लोफेनॅक जेलने गुडघ्याला बऱ्यापैकी आराम पडतो आणि पोटाला त्रास जवळजवळ होत नाही, हे साधे ज्ञान तिच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. तिच्या मालकिणीने लांब दांड्याचा पोछा आणला तर तोही उपचारच ठरेल. औषधापेक्षा स्वस्त पडेल.

या असहायतेवर बाजार नीट पोसला आहे. तेले आहेत, पट्टे आहेत, सांध्यात पुन्हा वंगण भरून देणारी चूर्णे आहेत. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, यात आता कोणाला नवल वाटत नाही. पण केवळ भोंदूंनाच हसण्याचे कारण नाही. 2002 साली ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांनी 180 रुग्णांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींना नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. झिजलेल्या गुडघ्याची ‘सफाई’ त्यानंतरही जगभर बरीच वर्षे चालूच राहिली.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, उजवा पुढच्या वर्षी जूनमध्ये. त्या शस्त्रक्रियांसाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे आधुनिक कृत्रिम गुडघ्याच्या घडवणाऱ्यांपैकीच एक. मध्यमवर्गीय घरांत ‘वाट्या बदलणे’ हा विषय सर्रास निघू लागला तो त्यानंतर. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना लगाम घातला. दीड लाखाच्या घरात जाणारा नेहमीचा सांधा कर सोडून 54,720 रुपयांवर आला. निर्णय चांगलाच होता. शस्त्रक्रियाही चांगली आहे. बदललेल्या गुडघ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक 25 वर्षे टिकतात. मात्र दर पाचांतला सुमारे एक जण त्यानंतरही समाधानी नसतो, आणि बदललेल्या गुडघ्याने पूर्वीसारखे उकिडवे बसता येईल या आशेवर असलेल्यांची निराशा ठरलेली.

आमचा आक्षेप आहे तो मधल्या रिकाम्या जागेला. पन्नाशीत पहिली कळ येते आणि ऑपरेशनची वेळ, आलीच तर, बऱ्याचदा पासष्टीनंतर येते. ही दहा-पंधरा वर्षे तेलाच्या बाटलीवर काढायची, असे आपल्या आरोग्यव्यवस्थेने गृहीत धरले आहे. डेन्मार्कने 2013 पासून या मधल्या वर्षांसाठी एक साधी योजना चालवली. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आजाराची माहिती आणि काही आठवडे गटाने, मोजूनमापून व्यायाम. वेदना कमी होते, गोळ्या कमी लागतात, असा तिथला अनुभव आहे, आणि इतर अनेक देशांनी ती उचलली. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे चार दिवस यंत्राचा शेक आणि व्यायामाच्या चित्रांची झेरॉक्स. ती झेरॉक्स फ्रिजवर लागते आणि तिथेच राहते, कारण दुखत असताना व्यायाम करायला धीर लागतो आणि तो एकट्याने येत नाही. ‘थोडे दुखेल, पण त्याने सांधा बिघडत नाही’ हे शेजारी उभे राहून सांगणारे कोणीतरी लागते. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, याला ना यंत्र लागते ना खोली. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट आणि त्याने तयार केलेल्या आशाताई एवढ्यावर आरोग्य उपकेंद्रांत, बचत गटांत, ज्येष्ठ नागरिक संघांत हे वर्ग सुरू होऊ शकतात. शिबिराच्या मांडवाचा खर्च तिकडे वळवला तरी सुरुवात होईल.

आणि थोडे दवाखान्याबाहेरचेही. आपल्या एसटीत 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना तिकीट नाही, 2023 पासून बायकांना निम्मे तिकीट आहे. त्याचा फायदा घ्यायला निघालेल्या आजीबाईंना गाडीत चढवायला मात्र एकाने वरून हात द्यावा लागतो आणि एकाने मागून आधार. महामंडळ नव्या गाड्या घेताना रंग, आसने, पडदे यांची चर्चा होते. निविदेत जमिनीपासून पहिल्या पायरीची उंची किती हवी, हेही एकदा कोणीतरी लिहावे, आणि दाराशी धरायला दोन्ही बाजूंना दांडा असावा, हेही.