सर्दीची गोळी सर्वांना सारखी नसते

पावसाळा आला की घरोघरी शिंका सुरू होतात. मग कोणीतरी औषधांच्या दुकानात जाऊन "सर्दीची गोळी द्या" असे म्हणतो. दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो. गोळीत काय आहे हे आपण विचारत नाही आणि दुसरा काही आजार आहे का, हे तो विचारत नाही. बहुतेकांचे यात काही बिघडत नाही. परंतु ज्याला अपस्मार, म्हणजे फेफरे येण्याचा विकार आहे, त्याने तरी हे दोन्ही प्रश्न टाळू नयेत, असे माझे मत आहे. का, ते पाहू.

धूळ किंवा परागकण नाकात गेले की काही जणांच्या शरीरात हिस्टामीन नावाचे रसायन सुटते. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. कधी अंगावर पित्त उठते. हिस्टामीनचे हे काम रोखतात ती प्रतिहिस्टामीन औषधे. डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या औषधांचाही वाटा होता.

पण हिस्टामीन मेंदूतही असते आणि तेथे त्याचे काम निराळे आहे. ते आपल्याला जागे ठेवते. शिवाय मज्जापेशींच्या विद्युत्-व्यवहाराला आवर घालण्यातही त्याचा हात असावा, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. स्वस्थ मज्जापेशीच्या आवरणाच्या आत व बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. पेशी एरवी आपापल्या वेळी विद्युत्-संदेश पाठवतात. त्यांचे मोठे समूह एकदमच संदेश पाठवू लागले की झटका येतो. अपस्मारात हा तोल मुळातच नाजूक असतो.

आता औषधांकडे वळू. मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत वाटेल त्या पदार्थाला आत सोडत नाही. क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, प्रोमेथाझीन ही जुनी औषधे मेदात सहज विरघळत असल्याने ही भिंत ओलांडतात. फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन ही नंतरची औषधे आत फारशी टिकत नाहीत. भिंतीतील प्रथिने त्यांना पंपाप्रमाणे बाहेर लोटतात. सर्दीची गोळी घेतल्यावर गुंगी का येते, याचे उत्तर येथे आहे. औषध मेंदूत पोचले आणि त्याने तेथील हिस्टामीनलाही अडवले! गुंगी आली म्हणजे झटका येणारच, असे मात्र मुळीच नाही.

दक्षिण कोरियातील लहान मुलांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच इतर दिवसांशी केली होती. जुनी प्रतिहिस्टामीन औषधे दिलेल्या दिवसांत झटक्याची शक्यता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक आढळली. येथे चिकित्सक विद्यार्थी विचारील : सर्दीबरोबर ताप असतो, झोपमोड असते, झटका त्यामुळे आला नसेल कशावरून? प्रश्न अगदी योग्य आहे. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. शिवाय मूळची शक्यता लहान असेल, तर ती २२ टक्क्यांनी वाढूनही लहानच राहते.

मग अपस्मार असलेल्याने सर्दीचे औषध घेऊच नये काय? तसे नव्हे. पर्याय उपलब्ध आहेत आणि कोणता घ्यावा हे डॉक्टर सांगू शकतात. या भीतीने अपस्माराची नेहमीची गोळी बंद करणे तर सर्वांत घातक. मुद्दा एवढाच की, निवड करण्यासाठी आधी आजार सांगावा लागतो. आणि आपल्याकडे नेमके तेच होत नाही. लग्न जमणार नाही, नोकरी मिळणार नाही, वर्गातली मुले चिडवतील, म्हणून घरचेच "कोणाला सांगू नकोस" असे बजावतात. झटका आलेल्याला चप्पल नाहीतर कांदा हुंगवणारे हात अजूनही पुढे येतात. अशा वातावरणात चार गिऱ्हाइकांसमोर "मला अपस्मार आहे, ही गोळी चालेल का?" असे कोणता मुलगा विचारील?

औषधविषयक १९४५ च्या नियमांनुसार अनेक प्रतिहिस्टामीन औषधांवर, वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना छापावी लागते. ती असते इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आणि सुट्या कापून दिलेल्या दोन गोळ्यांबरोबर ती घरी येतेच असे नाही. सूचना मराठीत हवी, हे खरेच. पण ती मराठीत आली तरी लपवलेला आजार दुकानदाराला कसा कळणार?

म्हणून शिक्षकांना विनंती, की मज्जासंस्थेचा धडा शिकवताना दम्याविषयी किंवा मधुमेहाविषयी बोलावे तितक्याच सहजपणे अपस्माराविषयीही बोला. आणि मित्रांनो, वर्गातील कोणी हा आजार तुम्हाला सांगितला, तर हसू नका. आज तुमच्याजवळ तो बोलू शकला, तर उद्या दुकानातही बोलू शकेल.