इलेक्ट्रिक गाडीचा आवाज प्लॅस्टिकसारखा का वाटतो? चाकण, सिंथ अॅप आणि बाबांची चेतक

गेल्या पावसाळ्यात निगडीच्या यमुनानगरमध्ये मी अगदी शहाण्या मुलासारखा चाललो होतो. कानात इअरफोन नाही, फोन खिशात. तरीही मागून तीनचाकी इलेक्ट्रिक टेम्पो आलाय हे मला कळलं ते त्याचा आरसा कोपराला घासल्यावरच. वर ड्रायव्हर म्हणतो, "ऐकू येत नाही का रे?" खरंच येत नव्हतं!

यावर सरकारचा उपाय येऊ घातलाय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर 2025 मध्ये एक मसुदा काढला. त्यात म्हटलंय की 1 ऑक्टोबर 2026 पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक कार, बस आणि ट्रकना 'एव्हीएएस' बसवणं सक्तीचं करावं, आणि 1 ऑक्टोबर 2027 पासून आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलनाही. एव्हीएएस म्हणजे गाडी हळू चालत असताना पादचाऱ्याला तिची चाहूल लागावी म्हणून मुद्दाम आवाज काढणारी यंत्रणा. युरोपात ती 2021 पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक कारना लागू आहे.

आता मुद्द्यावर येतो. ही यंत्रणा आतून काय असते? एक स्पीकर, एक चिप आणि तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर. म्हणजे तुम्ही फोनवर बीट बनवायला जे सिंथ अॅप वापरता, त्याचंच भावंडं. तुम्ही स्क्रीनवरची पट्टी दाबता, इथे ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबतो. आणि सिंथवाल्या पोरांची जी जुनी रड आहे, 'आवाज डिजिटल वाटतो रे, वॉर्म नाही वाटत', तीच उद्या रस्त्यावर ऐकू येणार आहे.

संयुक्त राष्ट्रांचा यासाठी 138 क्रमांकाचा नियम आहे, तो वाचायला मजेशीर आहे. ताशी 10 किलोमीटरला आवाज किमान 50 डेसिबल, 20 ला किमान 56, आणि कितीही झालं तरी 75 च्या वर नाही. शिवाय वेग वाढेल तसा स्वर चढला पाहिजे, दर किलोमीटरला किमान 0.8 टक्के. हिशोब करून बघा: 5 वरून 20 वर जाताना साधारण 12 टक्के. म्हणजे गाडीने 'सा'वरून जवळजवळ शुद्ध 'रे'पर्यंत जायचं! पण तो 'सा' कानाला कसा लागावा, यावर नियम गप्प आहे.

चाकणला हा प्रश्न नवा नाही. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्या तिथेच बनतात. कंपनीने तिच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या आवाजांसाठी थेट ए. आर. रहमानना घेतलं, आणि 2023 मध्ये सांगितलं की असे 75 हून जास्त आवाज तयार केलेत. बीएमडब्ल्यूने हान्स झिमरना घेतलं होतं. महागड्या गाडीचं काम झालं. पण स्वस्त मालवाहू गाडीच्या आवाजावर कोण डोकं चालवणार? तिथे एक छोटी ध्वनिफीत गोल गोल फिरवली जाईल आणि वेगाप्रमाणे तिचा स्वर वरखाली होईल. काम भागेल, पण मोशीत किंवा भोसरीत रस्त्याला लागून खोली असलेल्या माणसाला तो 'ऊंऽऽ' दिवसभर ऐकावा लागेल.

हा आवाज खुपतो का? मला हे कळलं बाबांच्या जुन्या चेतकमुळे, आकुर्डीत बनलेल्या टू-स्ट्रोक चेतकमुळे. लहानपणी ती वळणावर असतानाच आम्हाला कळायचं की बाबा आले. चाळीत आणखी तीन चेतक होत्या, पण गोंधळ कधी झाला नाही. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा पेट्रोल पेटतं. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50 ठोके, म्हणजेच 50 हर्ट्झचा खर्ज. पण यातला एकही ठोका आधीच्या ठोक्यासारखा हुबेहूब नसतो. कधी जरा जास्त पेटतं, कधी कमी, आणि गाडी उभी असताना तर एखादा ठोका चक्क चुकतो. सायलेन्सर थंड असताना वेगळा वाजतो, तापल्यावर वेगळा. कान या बारीक फरकांनाच 'जिवंत' म्हणतो.

1970 च्या मिनीमूगसारख्या जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरचं हेच होतं. आतले भाग तापले की स्वर हलायचा. वाजवणारे त्याला वैतागायचे, आधी चालू करून तापू द्यायचे आणि मग सुरात लावायचे. 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स 7 आला. पूर्ण डिजिटल, सूर पक्का, कधी हलणार नाही. सगळे खूश झाले. आणि मग थोड्याच वर्षांत लोक त्या हलणाऱ्या जुन्या पेट्या शोधायला लागले!

आपल्याकडे हे हार्मोनियमवाल्यांना केव्हाच माहीत होतं. डबल रीडच्या पेटीत एका स्वराला दोन रीड वाजतात. त्या कितीही जुळवल्या तरी केसभर फरक राहतो, आणि त्या फरकानेच आवाज भरतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तीही तारेच्या आवाजात वरच्या स्वरांची झणझण भरण्यासाठीच. तंबोऱ्याचं अॅप सुरात असतं, पण बरेच गायक त्याला 'सपाट' म्हणतात, ते काही उगाच नाही.

फोनवर करून बघा. सिंथ अॅपमध्ये सॉटूथ लहरीचे दोन ऑसिलेटर घ्या. एकाला फक्त 5 सेंट वर सरकवा, म्हणजे एका अर्ध्या स्वराचा विसावा भाग. 440 हर्ट्झच्या स्वरावर या दोघांमुळे सेकंदाला साधारण सव्वा वेळा आवाज फुगतो आणि उतरतो. मग एक एलएफओ अगदी संथ ठेवा, चार-पाच सेकंदांत एक फेरा, आणि त्याने स्वर दोन-तीन सेंटच हलवा. इथे बहुतेक जण चुकतात. फरक ऐकू यावा म्हणून 20-30 सेंट हलवतात, आणि मग वॉर्म तर लांबच, बॅटरी संपत आलेल्या खेळण्यासारखं वाजायला लागतं. एलएफओचा फेराही ठरलेला असतो, म्हणून अॅपमध्ये 'रँडम' किंवा 'ड्रिफ्ट' असेल तर तेच वापरा. कॉम्प्युटर असेल तर सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ आहे, त्यात ड्रिफ्टचा वेगळा स्लायडरच दिलाय. त्यानंतर फिल्टरचा कटऑफ खाली आणा, वरची किनार जाईपर्यंत.

शेवटी थोडं सॅच्युरेशन. याचं कारण फोनवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून 50 हर्ट्झचा खर्ज येतच नाही. पण 100, 150, 200 आणि त्यांच्याही पटीतले वरचे स्वर मिसळलेले असले, तर आपला मेंदू न वाजलेला 50 स्वतःच भरून काढतो. सॅच्युरेशन हे वरचे स्वर तयार करतं. म्हणून तुमचा बेस इअरफोनवर दणदणीत आणि मित्राच्या फोनवर गायब होत असेल, तर व्हॉल्यूम वाढवू नका, सॅच्युरेशन वाढवा. गाडीच्या एव्हीएएसचा स्पीकरही काही लग्नातल्या डीजेचा नसतो. तिथेही हीच युक्ती लागू पडते.

हे सगळं चिपला जड आहे का? नाही. दोन ऑसिलेटर, एक फिल्टर आणि थोडा यादृच्छिक बदल एवढं तर साधा अॅन्ड्रॉइड फोन सहज करतो. म्हणूनच 'स्वस्त गाडीत परवडत नाही' हे कारण मला पटत नाही. वापरून गुळगुळीत झालेली ध्वनिफीत लावायची की चार ओळी जास्तीच्या लिहायच्या, एवढाच प्रश्न आहे. आणि चाकण-हिंजवडी पट्ट्यात त्या ओळी लिहू शकणारी पोरं भरपूर आहेत.

मसुद्याबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तो प्रवासी आणि मालवाहू चारचाकी किंवा त्याहून मोठ्या गाड्यांसाठी आहे. दुचाकी आणि तीनचाकी त्यात नाहीत. म्हणजे आमच्या गल्लीत दिवसभर फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या स्कूटर मुक्याच राहणार. माझ्या कोपराला घासून गेलेला तो टेम्पोसुद्धा.

मागच्या रविवारी मी फोनवर चेतकचा आवाज बनवायला बसलो. 50 हर्ट्झ, दर ठोक्याला थोडा फरक, मधूनच एक ठोका गाळलेला. बाबांना न सांगता स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन वाजवला. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "चोक ओढलेलाच राहिलाय, आत ढकल."