शिपायाचे नाव दप्तरातून बाहेर येऊ द्या

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आजही दिसते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नाव एकाचेही नाही. इराकमधल्या बसरा स्मारकाची कथा निराळी नाही. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि समाधीची जागा न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये उभे राहिले. त्यावर भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांची मात्र पलटणवार संख्या. शिपायांची नावे ठाऊक नव्हती असे नाही. ती कागदावर होती, पण दगडावर कोरण्याइतकी मोलाची वाटली नाहीत. साम्राज्याने केलेला हा भेद स्वतंत्र भारताने पुढे चालवण्याचे कारण नाही. जुन्या पलटणींच्या दप्तरांत सामान्य शिपायांची जी सेवापत्रे उरली आहेत, ती त्यांच्या वंशजांना हक्काने पाहता आली पाहिजेत. कष्टकरी मराठी घरांचा इतका तपशीलवार लेखी इतिहास दुसरीकडे क्वचितच सापडतो.

सरदार, देशमुख, इनामदार यांच्या पिढ्या शोधायला सनदा आहेत, पुण्याचे पेशवे दप्तर आहे. बाकीच्यांची वंशावळ त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, नाहीतर दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांच्या तोंडी. जमीन असेल तर फेरफाराच्या नोंदींतून दोन-तीन पिढ्या मागे जाता येते. भूमिहीनाला तीही सोय नाही. लष्कराने मात्र भरतीच्या वेळी बापाचे नाव, गाव, तालुका, जात, वय, उंची, अंगावरची खूण आणि वारस असे सगळे लिहून घेतले. पुढे बढती, जखम, शिक्षा, निवृत्तिवेतन यांची भर पडत गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सर्वांना खुल्या असलेल्या यादीत दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय शिपायाच्या नावापुढे अनेकदा आई-वडिलांची आणि पत्नीची नावे व गाव येते. त्या काळातल्या गरीब घरातल्या बाईचे नाव सातासमुद्रापार जपलेल्या यादीत सापडावे, ही साधी गोष्ट नव्हे.

या नोंदींचे मोल पलटणींच्या इतिहासाशी जोडल्यावर अधिक कळते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार जण कैदेत गेले आणि त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. ‘आजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ एवढेच ज्या घरात ठाऊक आहे, त्यांना पलटणीचा क्रमांक मिळाला तरी वाट सापडते. १९२२ च्या फेररचनेत १०३ क्रमांकाची पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली आणि आज रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे, म्हणजे विचारायचे कुठे हे कळते. ज्यांची पलटणच मोडली त्यांचे काय? महारांची भरती ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात बंद केली. पहिल्या महायुद्धात १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले होते आणि डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. लष्करी शाळा आणि निवृत्तिवेतन यांतून एका समाजात अक्षरओळख आणि हक्कांची जाणीव कशी पसरली, हे घराघराच्या पातळीवर पाहायचे तर हीच कागदपत्रे हवीत. पलटण मोडलेल्यांसाठी तर ती शोधून एकत्र आणणे अधिक निकडीचे आहे.

साम्राज्यासाठी लढलेल्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण नोंद उघडणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. शिपायाला पहिल्या महायुद्धात महिन्याला अकरा रुपये मिळत. कोरडवाहू गावातल्या, कर्जाखालच्या घराला या ठरलेल्या पगाराचा अर्थ काय होता, हे समजल्याशिवाय साम्राज्याचा इतिहासही अर्धवट राहतो. दुसरा आक्षेप अचूकतेचा, आणि तो खरा आहे. इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेली नावे ओळखू येत नाहीत, गावांची स्पेलिंगे बदलतात, वय अंदाजाने घातलेले असते, आडनाव कधी असते तर कधी नसते. म्हणून एका नोंदीवर विसंबू नये. गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचा दाखला, फेरफार यांच्याशी ती ताडून पाहावी. चुका दुरुस्त करायच्या तर गावची आणि घराण्याची माहिती असलेल्यांच्या हाती कागद पडलाच पाहिजे.

खासगीपणाचा आणि सुरक्षेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सेवापत्रात आजार असतात, शिक्षा असतात. त्यासाठी काळाची मर्यादा घालता येते: वारसांना आधी, इतरांना सैनिकाच्या जन्मानंतर शंभर वर्षांनी. महायुद्धातल्या शिपायाच्या बदलीच्या नोंदीने आज देशाची सुरक्षा धोक्यात येत नाही. संरक्षण मंत्रालयानेही २०२१ च्या धोरणात युद्धविषयक दप्तरे साधारणपणे २५ वर्षांनी खुली करण्याचे तत्त्व मान्य केले आहे. तेच तत्त्व जुन्या सेवापत्रांना लावायला हवे. हे काम आवाक्याबाहेरचे आहे, असेही म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियाने पहिल्या महायुद्धातल्या सुमारे पावणेचार लाख सैनिकांच्या फायली छायाचित्रित करून सर्वांना मोफत दिल्या. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबी सैनिकांच्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदींपैकी पहिल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी २०२१ मध्ये खुल्या झाल्या. आपल्याकडेही कुणबी नोंदींसाठी मोडी दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली. इच्छा असली की यंत्रणा हलते, हे त्यातून दिसले. कागद मात्र कायम थांबत नाही. सप्टेंबर १९४० मधल्या बॉम्बहल्ल्यात लागलेल्या आगीत ब्रिटिश शिपायांची पहिल्या महायुद्धातली निम्म्याहून अधिक सेवापत्रे लंडनमध्ये नष्ट झाली.

म्हणून मागणी नेमकी आहे. बेळगावच्या मराठा आणि सागरच्या महार रेजिमेंट केंद्रांत १९४७ पूर्वीची जी सेवापत्रे शिल्लक आहेत त्यांची सूची केंद्र सरकारने आधी जाहीर करावी आणि मग ती राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत टप्प्याटप्प्याने छायाचित्रित करावीत. राज्य सरकारने सातारा, रत्नागिरी, रायगड आणि कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत वंशजांचे अर्ज स्वीकारणारी आणि मोडी-इंग्रजी नोंदी वाचून देणारी व्यवस्था उभी करावी. ग्रामपंचायतींनी पाटीवरच्या आकड्यांमागची नावे शोधायला सुरुवात करावी. समाधी आयोगाची यादी त्यासाठी आजच उपलब्ध आहे. ज्या माणसाची उंची, जखम आणि वारसाचे नाव सरकारने लिहून ठेवले, त्याच्या नातवंडा-पणतवंडांना तो कागद दाखवणे ही मेहेरबानी नव्हे, ते सरकारचे कर्तव्य आहे.